पहाटे पाचचा चोर

४ जानेवारी, गुरुवार

ही वही मी आत्मचरित्र लिहायला घेतलेली नाही. टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं काढली. तिथे नियम होता, लाइन बिघडली की आधी वहीत लिहायचं, मग हात लावायचा. न लिहिता हात लावला की एकाचे दोन बिघाड होतात, एक मूळचा आणि एक आपला. म्हणून लिहिते.

बिघाड असा. पुळक्कऱ्याच्या, म्हणजे उत्तर केरळातल्या आमच्या गावच्या वाचनशाळेत एक जुना संगणक आहे. त्यावर दोनशे सात ताडपत्रांचे फोटो आहेत. मी आणि ग्रंथपाल रमणी, दोघींनी दीड महिना खपून काढलेत. नदीकाठच्या ज्योतिष्यांच्या घराने शंभर वर्षं गावात जन्मलेल्या पोरापोरीची नोंद त्या पानांवर ठेवली. नायर असो, तीय्य असो, माप्पिळा असो, कुणाला वगळलं नाही. लिपी मात्र कोलेळुत्तु. एके काळी इकडे सगळे ती लिहायचे, आता वाचणारा गावात एकच माणूस उरला होता, चिंडन माश. मला चौथीत शिकवलं त्यांनी. आज एक्क्याऐंशीचे आहेत.

डिसेंबरात त्यांची मुलगी बीना त्यांना कोइंबतूरला घेऊन गेली. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला, उजव्याचं ऑपरेशन सहा फेब्रुवारीला आहे. नंतर किती दिसेल ते डॉक्टर सांगत नाहीत. माशांची अठ्ठावन्न पानं वाचून झाली आहेत, एकशे एकोणपन्नास राहिली आहेत. म्हणजे हातात महिनाभर.

फोटो सरळ पाठवून दिले असते. पण पानांची मालकीण नाणियम्मा. वय शहाऐंशी, जीभ अठराची. पानं देताना तिने दिव्यासमोर माझ्याकडून शब्द घेतला की ती नदी ओलांडणार नाहीत. मी विचारलं, फोटो चालतील? "फोटोत माझ्या पणज्याचं अक्षर दिसतं ना मोळे? मग ते पानच." तिच्या लेखी मी अजून मोळे, मुलगीच. मी पुढे विचारलं, खिडकीतून कुणी बघितलं तर? "बघू दे की. बघणाऱ्याला कोण अडवतं?"

म्हणून ही खिडकी. संगणक इथेच राहणार, माश तिकडून टॅबवर पान बघणार आणि खाली त्याचं वाचन टाइप करणार. वाचनशाळेत सगळं झकास उघडतं. गावाबाहेरून काहीच उघडत नाही.

७ जानेवारी, रविवार

माश दर रविवारी दहाला फोन करतात. आज बोलतानाच त्यांना टॅबवर खिडकीचं इंटरनेटवरचं नाव टाकायला लावलं. बराच वेळ टॅब टकटकवला.

"गोल फिरतंय गं पंकजाक्षी."

"मग?"

"मग काय, फिरून फिरून दमलं आणि पांढरं झालं."

शेवटी म्हणाले, "घाई करू नकोस. पण फार वेळही लावू नकोस." चौथीत बेरजा घालताना अगदी हेच म्हणायचे. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. उगाच.

८ जानेवारी, सोमवार

केबल सजीवनला बोलावलं. गावात टीव्ही आणि इंटरनेट त्याचंच. सध्या कावात, म्हणजे देवीच्या राईत, तेय्यमच्या रात्रभराच्या नाचांचे दिवस आहेत, तो तिथे लाइट आणि लाउडस्पीकर बघतो, म्हणून डोळे लाल आणि बोलणं तिखट, मला चेच्ची, म्हणजे ताई, म्हणतो तेवढंच गोड.

"चेच्ची, तुमच्या संगणकाला बाहेरचा पत्ताच नाही. पूर्ण वॉर्डाला मी एकच पत्ता देतो. त्यामागे साठ घरं. बाहेरून कोणी हाक मारली तर कुठल्या घराने ओ द्यायची?"

म्हणजे जुनी पार्टी लाइनच की. सहा घरांना एक नंबर असायचा, घंटी वाजली की सहाही जण उचलायचे. मी म्हटलं, मग आम्हाला आमचा स्वतंत्र पत्ता दे. तर म्हणतो, तसे पत्ते मोजके आहेत, बँकेला देतो, सोसायटीला देतो. मी त्याला आठवण करून दिली की तो वाचनशाळेच्या ओसरीवर बसून फुकट पेपर वाचत मोठा झाला. डोकं खाजवत बसला.

"माझ्या आजीच्या आईचं पान शोधून द्याल? घरात कुणाला तिचं नक्षत्रही ठाऊक नाही."

"सापडलं तर देईन. पण वाचणारा कोइंबतूरला आहे, आणि तो वाचेल कशाने?"

गेला. बघू.

९ जानेवारी, मंगळवार

आज वेगळीच तऱ्हा. सकाळी संगणक बंद. रमणी रात्री आठला कुलूप लावताना, म्हणजे कडी लावताना (कुलूप आमच्याकडे नाहीच), सवयीने मेन स्विच पाडते. बावीस वर्षांची सवय. स्विचवर लाल चिकटपट्टी लावून वर लिहिलं, "हात लावणाऱ्याचा हात." पुढचं वाक्य सुचलं नाही म्हणून तसंच ठेवलं. रमणी म्हणाली, एवढ्यानेच भीती वाटते.

नाणियम्मा काठी टेकत आली, संगणकाचा हिरवा दिवा बघितला, पदर सावरून हात जोडले. जाताना नेहमीचं पालुपद, "शेवटी शेवटी माझ्या आजीच्या हातचंही आहे. ती लिहायची." हे ती गेली पन्नास वर्षं सांगते आणि सगळे हसतात. माशही हसायचे. त्या काळी बाई कुठली लिहायची?

११ जानेवारी, गुरुवार

सजीवनने पत्ता दिला. स्वतंत्र, कायमचा. देवीने स्वप्नात सांगितलं म्हणतो. मी म्हटलं, देवीला नेटवर्कचं कळतं तर तुझी गरज काय.

मग राउटरमध्ये दार उघडलं, बाहेरची हाक आली की या संगणकाकडे पाठव, असं त्याला सांगितलं. चार वेळा चुकले, पाचव्यांदा बरोबर आलं असं वाटलं. मोठ्या आनंदाने ओसरीवर जाऊन फोनवर बाहेरचं नाव टाकलं. गोल फिरलं, पांढरं झालं. आतल्या पत्त्याने उघडतं, बाहेरच्या नावाने नाही. घरी येऊन स्वयंपाकघरातून बघितलं, तेच. माझं घर वाचनशाळेच्या भिंतीला भिंत लावून आहे आणि तिथलंच वायफाय चुलीपर्यंत येतं, म्हणून फोनमध्ये डेटा पॅक मी कधी भरतच नाही. पैसे काय झाडाला लागतात?

कोइंबतूरला फोन केला, बीनाने उचलला. डॉक्टरांनी डोळ्याला ताण नको सांगितलंय, म्हणून तिने टॅब कपाटावर ठेवून दिलाय. "पंकजेच्ची, तुमच्या पानांपायी त्यांचा उरलेला डोळा जायला नको." तिचं काय चुकलं? वडील तिचे आहेत. पण पानं कुणाची आहेत, तेही मला कळेना.

१४ जानेवारी, रविवार

दहाला माशांचा फोन. आवाज फारच खुशीत होता. मी हळूच विचारलं, माश, दोन मिनिटं टॅब मिळाला तर एकदा बघाल का? मागून बीना वडिलांवर ओरडली, "अच्छन, टॅबचं काय चाललंय?"

माश मोठ्याने म्हणाले, अगदी फळ्यासमोर उभे असल्यासारखे, "अगं, ते उघडतच नाही. न उघडणारं काय वाचणार मी?" मग आवाज खाली आणून मला, "पंकजाक्षी, आहे तसं राहू दे. काही हलवू नकोस. मुळीच हात लावू नकोस."

मला समजेना. उघडत नाही तर हात न लावून कसं चालेल? म्हातारपणी माणसं धीर सोडतात ती अशी. बोलण्यातली खुशीही वरवरचीच असणार, मला वाईट वाटू नये म्हणून. राउटर पुन्हा पहिल्यापासून लावला.

१६ जानेवारी, मंगळवार

वाचनशाळेत एक गंमत चालली आहे आणि मला ती मुळीच आवडलेली नाही.

पान एकोणसाठपासून अठ्ठ्याऐंशीपर्यंत प्रत्येकाखाली कुणीतरी वाचन लिहून ठेवलंय. तीस पानं. वाचणाऱ्याचं नाव, "वाचनशाळा". अर्थात, आमच्याकडे सगळ्यांना मिळून तेवढं एकच नाव आणि एकच पासवर्ड, तोही कॅलेंडरशेजारी चिठ्ठीवर. वाचनशाळेत कशालाही कुलूप असणार नाही, असा संस्थापकांचा १९५१ सालचा ठराव आहे. त्या ठरावाने आजवर तीनशे पुस्तकं गेली. दोनशे परतही आली.

त्रेसष्टाव्या पानाखाली मी मागे स्वतःच अक्षरं लावून बघितली होती, "कोंबडा" असं काहीतरी आलं होतं. त्याखाली आता लिहिलंय, "कोंबडा नव्हे, कृत्तिका नक्षत्र. घाई केलीस. चौथीतही हेच." आणि प्रत्येक पानाच्या शेवटी एक ओळ, "आजचं अक्षर," आणि ते कसं वळतं त्याचं वर्णन.

चौथीत घाईपायी खाल्लेल्या छड्यांची गोष्ट मी फक्त रमणीला सांगितली होती. जाऊन तिला धरलं.

"चेच्ची, मला कोलेळुत्तु येतं तर मी इथे पुस्तकांची धूळ झटकत बसले असते?"

"मग हे कोणी लिहिलं?"

"मला वाटलं तुम्हीच. म्हटलं, बाई शिकली एकदाची."

वर तोंड करून हसते. तिच्याशी दिवसभर बोलले नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

पान शंभर झालं. "आजचं अक्षर: य. शेपूट डावीकडे, बसलेल्या मांजरासारखं." मी मुद्दाम शोधलं. आहे खरं मांजरासारखं. पुढच्या पानावर ते तीन ठिकाणी ओळखता आलं. पण वाचन खरं कशावरून? मनाला येईल ते लिहिलं असेल तर मला कसं कळणार?

बाहेरचं नाव अजून उघडत नाही. हात टेकले. इंटरनेटवर माझ्यासारख्या, असे घरचे संगणक चालवणाऱ्यांचं एक मंडळ आहे, तिथे विचारलं. एकाने विचारलं, तुम्ही बाहेर जाऊन बघितलंत का? मी लिहिलं, हो, ओसरीवर जाऊनच बघते.

२१ जानेवारी, रविवार

माशांचा फोन. "उघडलं का?" म्हटलं. "छे, छे," म्हणाले आणि खोकल्याचं सोंग केलं. सोंगच वाटलं मला. मी मागे सांगितलेलं आठवून, सजीवनच्या आजीची आई सापडली का, असं सहज विचारतात. मी म्हटलं, न वाचता कशी सापडेल? तर म्हणाले, "एकशे अकरावं पान बघ. असेल तिथे. माझा आपला अंदाज."

बघितलं. खाली वाचन होतं, सजीवनच्याच घराचं नाव. तिचंच होतं. माशांचे अंदाजही काय असतात.

२२ जानेवारी, सोमवार

आता मला खरंच भीती वाटते आहे.

संगणक स्वतःची एक नोंदवही ठेवतो, कोण आलं, कधी आलं. ती आज पहिल्यांदा उघडली. गेले दहा दिवस रोज पहाटे चार पंचावन्नच्या सुमारास कुणीतरी आत येतं आणि सहाला जातं. पत्ता आमच्या गावचा नाही. सजीवनला विचारलं, "केरळच्या बाहेरचा दिसतोय," एवढंच सांगू शकला.

मालकाला दार उघडत नाही आणि चोराला उघडतं. काय म्हणायचं याला? कुठल्या तरी विद्यापीठातला कोणी पंडित असणार. पानं वाचून स्वतःच्या नावावर छापणार. दिव्यासमोर नाणियम्माला शब्द दिलाय मी, आणि पानं दहा दिवस नदी ओलांडताहेत. तिला कळलं तर ती मला काही बोलणार नाही, आणि तेच मला सोसायचं नाही.

तो पत्ता बंद करून टाकला. एका ओळीचं काम.

रमणीला सांगितलं तर म्हणते, "ठराव आहे चेच्ची. कशालाही कुलूप नाही."

"चोरालाही नाही?"

"चोर रोज एक अक्षर शिकवून जातो का?"

हिला प्रत्येक गोष्टीत उत्तर असतं.

२३ जानेवारी, मंगळवार

पहाटे साडेचारला उठून संगणकासमोर बसले. चार छप्पन्नला ठोठावलं. चार सत्तावन्नला पुन्हा. पाचपर्यंत नऊ वेळा. मग थांबलं. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही. पुट्टू करपवला.

२४ जानेवारी, बुधवार

रविवार नसताना माशांचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला. इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "पंकजाक्षी, तू कशाला हात लावलास का?"

मी म्हटलं, कशाला?

"नाही, कालपर्यंत म्हणजे परवापर्यंत..." आणि थांबले. मागे बीनाची पावलं वाजली. "काही नाही. हवापाणी कसं आहे तिकडे?"

हवापाणी. माश आणि हवापाणी. ऑपरेशनची धास्ती घेतली असणार त्यांनी. तेरा दिवस राहिले. मला त्यांच्यासाठी एक दार उघडता आलं नाही. एकतीस वर्षं साऱ्या जिल्ह्याची बोलणी जोडून दिली आणि माझ्या मास्तरांची एक लाइन मला लागत नाही. मेले तरी हे मला सलत राहील.

२५ जानेवारी, गुरुवार

आजचा दिवस जसा घडला तसा लिहिते, नाहीतर उद्या मी स्वतःलाच वाचवून लिहीन.

वीज गेली तरी संगणक चालावा म्हणून बॅटरी आणायला रमणीबरोबर पय्यन्नूरला गेले. बसमध्ये ती आपल्या फोनवर काहीतरी बघत होती. डोकावले. पान एकशे अकरा. सजीवनच्या पणजीचं.

"हे कसं उघडलंस तू?"

"नाव टाकून. बाहेरचं. तुम्ही दिलेलं."

"कधीपासून उघडतं?"

"मला काय माहीत? घरी मी माझ्याच डेटावर असते, घरून नेहमी उघडतं. तुम्ही कधी विचारलंत?"

बस पुलावरून चालली होती आणि मला आमच्या एक्सचेंजचं टेबल दिसत होतं. दिवसातून दहा वेळा लोक तक्रार करायचे, माझा फोन बिघडलाय, नंबर फिरवला की सारखा एंगेज. मी विचारायची, कुठून फिरवलात? माझ्याच फोनवरून. अहो, आपल्याच फोनवरून आपलाच नंबर फिरवला तर एंगेजच लागणार. एकतीस वर्षं हे वाक्य मी हजारो लोकांना ऐकवलं, वर हसलेसुद्धा. आणि पंधरा दिवस वाचनशाळेच्या वायफायवर बसून वाचनशाळेलाच बाहेरून हाका मारत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ओसरी म्हणजे बाहेर, असं त्या मंडळाला लिहिलंसुद्धा. आता ते कोणत्या तोंडाने मागे घेऊ?

रमणीला सांगितलं. ती पय्यन्नूर येईपर्यंत हसत होती. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "मग माशांनाच का उघडत नाही?"

मलाही तेच कळत नव्हतं. संध्याकाळी कळलं. बीनाचा फोन आला, गच्चीवरून बोलते म्हणाली.

"पंकजेच्ची, तुम्ही परवा काय बंद केलंत?"

मी म्हटलं, एका चोराचा पत्ता.

ती म्हणाली, "तो चोर माझ्या घरी राहतो. पहाटे पाचला उठतो. टॅब काढायला स्टुलावर चढायला लागला, पडेल म्हणून मीच तो खालच्या फळीवर ठेवते, विसरल्यासारखा. आई गेल्यापासून अच्छन हसले नव्हते, चेच्ची. गेले दहा दिवस दाराआडून मला त्यांचं हसू ऐकू यायचं. मंगळवारपासून जेवतही नाहीत धड. उघडा ते."

मी विचारलं, अगं पण डोळा?

"मी डॉक्टरांना विचारलं. वाचल्याने डोळा जात नाही, दमले की थांबवा म्हणाले."

"मग त्यांना सरळ परवानगीच दे ना."

"परवानगी दिली तर दिवसभर वाचतील. चोरून वाचतात म्हणून तासभरच वाचतात. आणि ऐका, मला माहीत आहे हे त्यांना सांगू नका."

फोन ठेवला आणि त्याच पावली वाचनशाळेत गेले. ती एक ओळ खोडली.

२६ जानेवारी, शुक्रवार

चार चोपन्न. आला. आठ पानं वाचून सव्वासहाला गेला. एकशे एकोणिसाव्या पानाखाली लिहिलंय, "दार मधे अडकलं होतं. आता ठीक आहे. आजचं अक्षर: न."

मी नाणियम्माकडे जाऊन सगळं कबूल केलं. तिने शांतपणे पान खाल्लं. "खिडकीतून बघतोय ना? मग तू खिडकी का लावलीस, मोळे?" एवढंच.

२८ जानेवारी, रविवार

दहाचा फोन.

"माश, अजून उघडत नाही ना हो?"

"छे. कसलं उघडतंय."

"प्रयत्न चालू आहे माझा."

"चालू दे, चालू दे. घाई नको."

मागून बीना म्हणाली, "अच्छन, त्या पंकजेच्चीला उगाच त्रास देऊ नका." तिघेही एकमेकांना फसवत होतो आणि मला वाटतं तिघांनाही फार बरं वाटत होतं. फोन ठेवून मी एकटीच हसत बसले.

१ फेब्रुवारी, गुरुवार

एकशे चौऱ्याहत्तर. रोज सकाळी मी त्यांचं वाचन झाकून आधी स्वतः पान लावते, मग उघडून ताडून बघते. दहातली सहा अक्षरं येतात. आज सात. रमणी वही घेऊन शेजारी बसायला लागली आहे. सजीवनने बॅटरी फुकट बसवून दिली आणि पणजीच्या पानासमोर उभं राहून डोळे पुसले, धूळ गेली म्हणाला.

५ फेब्रुवारी, सोमवार

आज पहाटे दोनशे सहा झाली. दोनशे सातवं उघडून ते सात मिनिटं बघत होते, नोंदवहीत दिसतं. मग काही न लिहिता गेले.

दुपारी फोन केला. बीना म्हणाली, डोळ्यापुढे अंधुक होतंय, म्हणून आज वाचायचं थांबले. उद्या सकाळी नऊला ऑपरेशन. मला माशांशी बोलवेना. त्यांनीच फोन घेतला, आज सोंग नाहीच. "शेवटच्या पानाचं अक्षर निराळं आहे गं. गोल आहे. दुसऱ्या कुणाचं तरी. मला लागलं नाही."

"राहू दे माश. नंतर बघाल."

"नंतरचं कुणी सांगितलंय?" मग म्हणाले, "तू बघ."

म्हणजे मी रोज बघते हे त्यांना माहीत होतं. की हे सगळे धडे पहिल्यापासून त्यासाठीच होते? मी विचारलं नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

झालं. पट्टी आहे. डॉक्टर म्हणतात, पट्टी निघाल्यावर कळेल. देवीला नारळ बोलले. मी लाल झेंड्याच्या पक्षाची जुनी कार्यकर्ती, पण नारळाला पक्ष नसतो.

८ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस दोनशे सातवं पान घेऊन बसले आहे. आज लागलं. शेवटचा एक शब्द अडला होता, "य" त्यात उलटा बसलाय, मांजर पाठ करून. लागला तेव्हा मी रमणीचा हात एवढा घट्ट धरला की ती ओरडली.

लगेच कोइंबतूरला फोन लावला. बीनाने तो माशांच्या कानाशी धरला. मी एकेक अक्षर जोडत वाचलं:

"कोल्लम वर्ष एक हजार अडुसष्ट, मकर मास, रोहिणी. नावाडी कण्णनच्या घरी मुलगी. पाय आधी आले. आई वाचली. मूल उशिरा रडलं, पण रडलं. वडिलांना आता दिसत नाही. म्हणून लिहिते, चिरुता."

माश म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं.

"चिरुता," म्हणाले. "नाणीची आजी. पन्नास वर्षं ती सांगत होती आणि मी हसत होतो. जा, तिला सांग. माझ्या वतीने माफी माग. नको, मीच मागेन, पण सांग तू आत्ता."

नाणियम्मा दारातच बसली होती. तिला वाचून दाखवलं. ती रडली नाही. "मी काय सांगत होते?" म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. तो चहा व्हायला अर्धा तास लागला.

संध्याकाळी पानाखाली वाचन टाइप केलं. वाचणाऱ्याचं नाव तिथे पडतं ते "वाचनशाळा". ते पुसलं आणि माझं घातलं, पंकजाक्षी. चिरुताने घातलं, मग मी का लाजू?

१३ फेब्रुवारी, मंगळवार

काल पट्टी निघायची होती. रात्री बीनाचा फोन नाही, माशांचा नाही. मीही लावला नाही. घाबरले होते, दुसरं काय.

आज सकाळी वाचनशाळेत येऊन आधी नोंदवही उघडली. चार अठ्ठावन्नला कोइंबतूरहून एक जण आला होता. थेट दोनशे सातवं पान उघडलं. तेवीस मिनिटं तिथेच होता.

माझ्या वाचनाखाली एक ओळ आहे. एका ओळीत टायपिंगच्या चार चुका, अक्षरं शेजारच्या कळांवर पडलेली. तरी वाचता येते:

"मकर नव्हे, कुंभ मास. दुसऱ्या ओळीतलं तिसरं अक्षर नीट बघ. घाई केलीस. बाकी सर्व बरोबर. चिंडन."

बघितलं. कुंभच आहे. नखाएवढी रेघ आहे तिथे, मला चष्मा लावूनही दिसली नव्हती.

चूक दुरुस्त केली. बिघाड मिटला.